सावळ्या अंगावरचा कोविड

2020 च्या एप्रिलमध्ये माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे फोटो येत होते. एक तऱ्हा इटली-स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या आणि आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोंची. त्यांत गुलाबी पायांची लालभडक बोटं असायची, गोऱ्यापान पाठीवर उमटलेलं तांबडं पुरळ असायचं. दुसरी तऱ्हा तासगाव, जत, कवठेमहांकाळच्या माझ्या पेशंटांची: स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले, हललेले फोटो, आणि त्यात कुठं तरी काळपट काही. खाली एवढाच मजकूर, ‘मॅडम, हे तेच आहे का?’ पहिल्या फोटोंवरून दुसऱ्यांचं निदान करायचं, असा तो प्रकार होता.

मी सांगलीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्चला, केंद्र सरकारने फोनवरून रुग्ण तपासण्याचे नियम जाहीर केले आणि माझा दवाखाना मोबाइलमध्ये आला. पहिल्याच आठवड्यात मी एक निरोप तयार करून ठेवला आणि तो सगळ्यांना पाठवायला लागले. फोटो खिडकीशी बसून दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको. एक लांबून, एक जवळून. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. शेवटची ओळ नंतर घालावी लागली: कॅमेऱ्यातला ‘ब्यूटी’ बंद करा. कारण एका मुलाने चेहऱ्यावरचं पुरळ दाखवायला सेल्फी पाठवली होती आणि तीत तो एखाद्या जाहिरातीतल्यासारखा तुकतुकीत दिसत होता. खाली आईचा निरोप, ‘प्रत्यक्षात लई वाईट आहे हो मॅडम.’

पण खरी अडचण कॅमेऱ्याची नव्हती, पुस्तकांची होती. त्वचेचा रंग मोजायला आम्ही अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतो. पहिली पायरी अगदी गोरी, सहावी सर्वांत गडद. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या पायरीवर येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. जेना लेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्येच कोविडच्या त्वचेवरील लक्षणांचे तोवर छापून आलेले लेख तपासले. 36 लेखांत रुग्णांचे 130 फोटो निघाले. त्यातले 92 टक्के पहिल्या तीन पायऱ्यांचे होते. पाचव्या आणि सहाव्या पायरीचा एकही नव्हता. म्हणजे आजार जगभर पसरला होता, पण तो कातडीवर कसा दिसतो याची चित्रं जवळजवळ फक्त गोऱ्या माणसांची होती.

अंग लाल होतं म्हणजे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यातलं रक्त वरून दिसतं. पण आपल्या कातडीच्या वरच्या थरात मेलॅनिन भरपूर असतं. त्यामागचा तांबडेपणा झाकला जातो. तो तपकिरी दिसतो, जांभळट दिसतो, कधी फक्त आजूबाजूपेक्षा जरा गडद दिसतो, आणि कधी दिसतच नाही. म्हणून सावळ्या माणसाचं पुरळ डोळ्यांइतकंच हाताने तपासावं लागतं. बोटांची मागची बाजू पाठीवरून, पोटावरून हलकेच फिरवली की खरखर लागते, उष्णता कळते. समोरून पडणाऱ्या उजेडापेक्षा बाजूने येणारा तिरपा उजेड बरा, उंचवटे उठून दिसतात. आणि जिथं रंग मुळातच कमी असतो तिथं बघायचं: तळहात, तळपाय, ओठांची आतली बाजू, खालची पापणी ओढून तिच्या आत.

याच्या जोडीला काचेची परीक्षा. मी काचपट्टी वापरते, घरी स्वच्छ पारदर्शक पेला चालतो. डागावर काच दाबायची आणि काचेतून बघायचं. डाग नाहीसा झाला तर रक्त अजून वाहिनीतच आहे, वाहिनी फक्त फुगली आहे. दाबूनही डाग तसाच राहिला तर रक्त वाहिनीबाहेर पाझरलं आहे. साधं अंगावर उठणं आणि डॉक्टरला आज, आत्ता दाखवायला हवं असं काही, यांतला फरक बऱ्याचदा या काचेत कळतो.

कोविडचा त्वचेशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात आलं, ती हकीकत मला नेहमी सांगाविशी वाटते. फेब्रुवारी 2020 मध्ये चीनमधल्या 1,099 रुग्णांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात पुरळ फक्त दोघांच्या अंगावर नोंदलेलं होतं, म्हणजे 0.2 टक्के. पुढच्याच महिन्यात उत्तर इटलीतल्या लेक्को शहरातले त्वचारोगतज्ज्ञ सेबास्तियानो रेकाल्काती यांनी एक छोटं पत्र छापलं. त्यांच्या रुग्णालयातल्या 88 कोविड रुग्णांपैकी 18 जणांच्या अंगावर काही ना काही होतं, 20.4 टक्के. मग माद्रिदच्या प्रदर्शनाच्या मैदानात उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयात 666 जणांना तपासलं, तोंड उघडायला लावलं, तळहात-तळपाय बघितले. तिथं आकडा 45.7 टक्क्यांवर गेला. जीभ सुजलेली, तिच्यावर बारीक फोड, तळव्यांची सालं निघालेली.

0.2 पासून 45.7 पर्यंत आकडा चढायला विषाणू तेवढा बदललेला नव्हता. रुग्ण वेगळे होते, मोजायची पद्धत वेगळी होती, हे खरंच. पण माझ्या मते मोठा फरक बघणाऱ्याचा. प्राणवायूची पातळी घसरत असताना संरक्षक पोशाखात गुदमरलेला डॉक्टर रुग्णाचा सदरा काढून पाठ कशाला बघेल? आणि त्याने बघू नये असंच मीही म्हणेन. पण मग ‘पुरळ दिसलं नाही’ आणि ‘पुरळ नव्हतं’ यांत गल्लत करायची नाही.

स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 375 रुग्णांवरून पाच गट पाडले आणि ते आजही उपयोगी पडतात. निम्म्याच्या आसपास, 47 टक्के, रुग्णांना गोवरासारखं बारीक पुरळ होतं. 19 टक्क्यांना गांधी, म्हणजे ज्याला आपण अंगावर पित्त उठलं म्हणतो ते. आता पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, आणि लावायला माझी हरकत नाही, गार वाटतं. फक्त ताप-खोकल्याच्या दिवसांत अचानक पित्त उठलं तर त्याला आमसुलावर सोडून देऊ नये. 9 टक्क्यांना पाण्याच्या पुळ्या. यांना कांजिण्या समजण्याची चूक सहज होते, पण जवळून पाहिलं तर फरक आहे. कांजिण्यांत एकाच वेळी एका जागी लाल ठिपका, दुसरीकडे पाण्याने भरलेली पुळी, तिसरीकडे खपली, असे सगळे टप्पे एकत्र दिसतात. कोविडच्या पुळ्या बहुतेक धडावर, विखुरलेल्या आणि बऱ्याचदा एकाच टप्प्यातल्या.

आपल्याकडे घोटाळा व्हायचा तो डेंगीशी. बँकॉकमध्ये अगदी सुरुवातीला एका रुग्णाच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आणि कमी झालेल्या प्लेटलेट बघून डेंगी समजले होते, निघाला कोविड. पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडे तापात अंगावर काही उठलं की पहिलं नाव डेंगीचंच येतं, आणि ते बरोबरच आहे. कातडीवरून या दोघांत निवाडा करता येत नाही. रक्त आणि नाकातला स्वॅब, दोन्ही तपासावं लागतं.

उलट बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमधल्या एका ॲपवर सव्वातीन लाखांहून जास्त लोक रोज आपली लक्षणं नोंदवत होते. स्वॅब पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 8.8 टक्क्यांनी पुरळ नोंदवलं, पण निगेटिव्ह आलेल्यांपैकीही 5.4 टक्क्यांनी नोंदवलं. म्हणजे नुसत्या पुरळावरून कोविड म्हणता येत नाही. मात्र त्याच अभ्यासासोबतच्या पाहणीत, कोविड होऊन पुरळ आलेल्यांतल्या 17 टक्क्यांना पुरळ हे पहिलं लक्षण होतं. ताप यायच्या आधी. ज्या काळात एक दिवस आधी घरात वेगळं झोपण्याला किंमत होती, त्या काळात हे बारीकसारीक नव्हतं.

स्पेनच्या पाच गटांत सगळ्यांत गाजली ती पायांची बोटं. वर्तमानपत्रांनी ‘कोविड टो’ म्हणून डोक्यावर घेतली. बोटं जांभळी, सुजलेली, दुखणारी, खाजणारी. थंड प्रदेशात हिवाळ्यात असं होतंच, हिमाचल-काश्मीरच्या लोकांना ते माहीत आहे. इथं ते वसंतात, उबदार घरात बसलेल्या तरुण पोरांना व्हायला लागलं. बॉस्टनच्या डॉ. एस्थर फ्रीमन यांनी एप्रिल 2020 मध्ये जगभरच्या डॉक्टरांसाठी नोंदवही उघडली, तिच्यात 31 देशांतून आलेल्या पहिल्या 716 नोंदींत या बोटांचा वाटा मोठा होता. आता गंमत अशी की यांतल्या पुष्कळांचा स्वॅब निगेटिव्ह, नंतर रक्तातली प्रतिपिंडंही निगेटिव्ह. एका गटाने म्हटलं, यांच्या शरीराने इंटरफेरॉन नावाचं शस्त्र इतक्या जोरात आणि लवकर चालवलं की विषाणू प्रतिपिंडं तयार व्हायच्या आतच संपला, आणि त्या झटापटीचा त्रास बोटांतल्या बारीक वाहिन्यांना झाला. माद्रिदच्या डॉक्टरांनी मुलांच्या बोटांवरून काढलेल्या कातडीच्या तुकड्यांत विषाणूचे कण दिसल्याचं छापलं. दुसऱ्या गटाने म्हटलं, काही नाही, पोरं दिवसभर घरात अनवाणी, हालचाल न करता बसली आहेत, बूट-मोजे सुटले आहेत. 2022 मध्ये येल विद्यापीठाच्या अभ्यासात अशा रुग्णांत आधीच्या संसर्गाचा पुरावा शोधला, रक्तातल्या प्रतिकारपेशीही तपासल्या, आणि संबंध सापडला नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत थोडं थोडं तथ्य आहे, पण ‘कोविड टो’ हे नाव जरा घाईत दिलं गेलं. सांगलीच्या उन्हाळ्यात अशी बोटं मी क्वचितच पाहिली. आपल्याकडे मुळात थंडीची सुजरी बोटं कमी, आणि घरात अनवाणी राहणं ही काही टाळेबंदीत लागलेली सवय नव्हे.

बोटांच्या गाजावाजात एक गोष्ट मात्र मागे पडली, आणि तीच जिवावरची होती. स्पेनच्या पाच गटांतला शेवटचा, 6 टक्क्यांचा गट. कातडीवर जाळी उमटते, जांभळी-काळी, फांद्या फुटल्यासारखी, आणि काच दाबून ती जात नाही. विषाणूमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा बिथरते, बारीक वाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, आत गुठळ्या होतात, आणि ज्या भागाचं रक्त अडलं तो भाग अशी जाळी दाखवतो. फुप्फुसात जे चाललेलं असतं त्याचाच हा बाहेर दिसणारा भाग. स्पेनमध्ये या गटातल्या 10 टक्के रुग्णांचा मृत्यू झाला. फ्रीमन यांच्या नोंदवहीत कोविड सिद्ध झालेले आणि असे जाळीदार डाग असलेले सगळेच्या सगळे रुग्णालयात होते. सावळ्या अंगावर ही जाळी शोधावी लागते: मांड्या, नितंब, तळपायांच्या कडा.

लहान मुलांचं वेगळं. एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडमध्ये आणि इटलीतल्या बेर्गामोत डॉक्टरांच्या लक्षात आलं की कावासाकी नावाच्या दुर्मिळ आजारासारखी लक्षणं असलेली मुलं एकदम वाढली आहेत. बेर्गामोत तीस पटीने. नंतर मुंबईतही तशी मुलं दिसली. कोविड होऊन दोन ते सहा आठवडे उलटलेले, घरचे तो विसरलेले, आणि मुलाला उतरत नाही असा ताप, अंगावर पुरळ, चिकट न होणारे लाल डोळे, फुटलेले ओठ. यात हृदयाला धोका असतो. अशा मुलाला माझ्याकडे आणू नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि मग औषधं. घरोघरी एक पिशवी होती, तीत अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, आयव्हरमेक्टिन, फॅविपिराविर, कुठं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. आठवड्या-दीड आठवड्याने अंगावर पुरळ आलं तर ते विषाणूचं की गोळ्यांचं? दिवस मोजत बसायचं, कुठली गोळी कधी सुरू केली ते विचारायचं. फॅविपिराविरची एक खूण मला फार आवडली. आमच्याकडे वूड्स लॅम्प म्हणून अतिनील किरणांचा दिवा असतो, गजकर्ण-कोडासाठी वापरतो. दिवे बंद केले, खोली अंधारी केली आणि नखांवर हा दिवा धरला, तर ते औषध घेतलेल्या काहींच्या नखांच्या मुळाशी अर्धचंद्र उजळलेले दिसायचे. एक आजी म्हणाल्या, ‘अगोबाई, नखात काजवे शिरले की!’ निरुपद्रवी प्रकार, नख वाढलं की जातो. पण माणसाला आपण काय घेतलं ते आठवत नसेल तर नखं सांगायची.

वाफारा हे आणखी एक. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या भाजलेल्यांच्या विभागाने 2020 मध्येच लिहिलं होतं की वाफ घेताना भाजलेली मुलं तीस पटीने वाढली. इथं उकळत्या पाण्याचं पातेलं, वर टॉवेल, आणि मांडीवर नातू, हे दृश्य किती घरांत होतं ते आपल्याला माहीत आहे. मांड्या भाजलेल्या मी पाहिल्या. वाफेने विषाणू मरत नाही.

2021 च्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आली. ही कोविडची थेट खूण नव्हे. अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकर ही बुरशी फोफावली. जुलैच्या मध्यापर्यंत देशात 45 हजारांवर रुग्ण झाले आणि त्यात सर्वांत जास्त महाराष्ट्रात. एका बाजूचा गाल बधिर, डोळ्याखाली सूज, टाळूवर काळा डाग. इथंही टॉर्च घेऊन तोंडात बघणाऱ्याला आधी कळलं.

आजार ओसरल्यावर मात्र दवाखान्यात गर्दी झाली ती केसांची. बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंतवळ घेऊन यायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. डोक्यावरच्या शंभर केसांतले साधारण दहा एरवी विश्रांतीत असतात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. मोठा ताप आला की वाढीतले कितीतरी केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम उतरतात. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. टायफॉइडनंतर केस जातात, बाळ तोंड ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं त्या म्हणायच्याच. हिशेब तोच, तीन महिन्यांचा. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. एका शिक्षिकेने महागड्या सिरमच्या चार बाटल्या पर्समधून काढल्या. मी त्या बाजूला ठेवल्या आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. ते आठाच्या खाली होतं.

नखांवर तर तारीखच लिहिलेली असते. मोठ्या आजारात नखाची वाढ थबकते आणि आडवी खाच पडते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी 1846 मध्ये तिचं वर्णन केलं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. खाच मुळापासून नऊ मिलिमीटरवर असेल तर तीनेक महिन्यांपूर्वी काही तरी मोठं होऊन गेलं. मी पट्टी लावून मोजते आणि विचारते, ‘दिवाळीच्या सुमारास आजारी होता का?’ लोक चकित होतात आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं ज्योतिष्यासारखं वाटतं.

नागिणीचीही भर पडली. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या लोकांत कोविडनंतर नागीण होण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी जास्त आढळलं, रुग्णालयात राहून आलेल्यांत 21 टक्क्यांनी. आपल्याकडे नागीण म्हटलं की गेरू, मंत्र आणि ‘तोंडाला शेपूट मिळालं तर माणूस जातो’ ही भीती. तोंड-शेपूट काही नसतं, एका मज्जातंतूच्या पट्ट्यातले ते फोड आहेत. गेरूने नुकसान होतं ते एवढंच की पहिले तीन दिवस निघून जातात, आणि विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग त्या 72 तासांतच.

ओमायक्रॉनपासून हे सगळं कमी झालं. त्याच इंग्लिश ॲपवर डेल्टाच्या काळात 17.6 टक्के लोकांनी त्वचेची तक्रार नोंदवली होती, ओमायक्रॉनमध्ये 11.4 टक्क्यांनी. आपल्याकडे जे अजून येतात ते बहुतेक डाग घेऊन. कारण गोऱ्या कातडीवरचं पुरळ गेलं की गेलं. आपल्या कातडीवर ते गेल्यावर तपकिरी-काळा डाग मागे ठेवतं आणि तो महिनोन्‌महिने राहतो. डाग पुसायला लोक मेडिकलमधून ट्यूब आणतात, तीत बहुधा स्टेरॉइड असतं. 2018 पासून अशी बरीचशी मलमं चिठ्ठीवरच मिळायला हवीत, तरी मागितली की मिळतात. आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लव वाढते, ऊन लागलं की जळजळतं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका हातांवरचे असे डाग आणि खिशात तशीच एक ट्यूब घेऊन आले होते. मी ट्यूब बंद करा म्हटलं, डाग आपोआप जातील, बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ‘ते घालतो. पण लावू काय?’ काही नाही, म्हटलं. ते उठेनात. सौंना घेऊन, एस्टी बदलून आलेला माणूस काहीच न लावता परत कसा जाईल? शेवटी चिठ्ठीवर खोबरेल तेल लिहून दिलं, दिवसातून दोनदा.